मला फक्त खायचे शब्द येत होते

लान, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमच्यात सुतक किती दिवस पाळतात, हे मी तुला कधी विचारलंच नाही. तुझ्या केविनला विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, मलाच कुठे माहितीय?" मग मी आपली आमच्या पद्धतीनं दहा दिवस देवाला हात लावला नाही. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही का पाळताय? त्या तुमच्या कोण?" तिला सांगायला बसले असते तर चौतीस वर्षं सांगावी लागली असती.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय गो शालन, नाटकं करतेस?" हे 'गो' तू माझ्याकडूनच उचललंस. मुलुंडच्या बाजारात एक चिनी बाई कोबीवाल्याला "मेल्या, आतून किडका आहे हा" म्हणून झापते आणि तो बिचारा तोंड उघडं टाकून बघत राहतो, हे बघायला मी मुद्दाम तुझ्याबरोबर यायचे. पिशव्या उचलायला येते असं म्हणायचे, पण खरं ते नव्हतं.

मी पहिल्यांदा आले तो दिवस तुला आठवत होता की नाही, कोण जाणे. यांची गिरण बंद पडून वर्ष झालं होतं. घरात दोन पोरं. कुणीतरी सांगितलं, स्टेशनजवळच्या चायनाबाईच्या हॉटेलात भांडी घासायला बाई पाहिजे. दुपारची वेळ होती, हॉटेल रिकामं. तू पुढच्या टेबलावर एकटीच बसून कसल्यातरी पांढऱ्या पाऱ्या घेऊन त्यात कोळंबी भरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हात दाखव." मला वाटलं, स्वच्छ आहेत का बघतेस. तू एक पारी माझ्या तळव्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, "बंद कर."

ती पारी हाताला लागली आणि मी चमकले. ही तर उकडच होती गं. पिठाचा प्रकार वेगळा, पण तेच उकळतं पाणी, तीच चिकट ऊब. मी मालवणातल्या घरची, गणपतीला एकवीस मोदक एकटीनं वळणारी. घातल्या कळ्या. तू उचलून मोजल्यास. अकरा निघाल्या. तू स्वतः नऊ घालायचीस. चेहऱ्यावर काही दाखवलं नाहीस. फक्त म्हणालीस, "भांडी दुसरं कुणी घासेल. तू इथे बस."

त्या खुर्चीवरून मी चौतीस वर्षं उठले नाही.

लोकांना वाटायचं, चायनीज म्हणजे लाल नूडल्स आणि मंचुरियन. तू तेही करायचीस, कारण गिऱ्हाईक तेच मागायचं. पण रविवारी सकाळी नऊ ते बारा फक्त वाफेचे पदार्थ, ही तुझी जिद्द. कोलकात्याहून मागवलेल्या बांबूच्या टोपल्या एकावर एक चढवायच्या, बरोबर कपात बिनदुधाचा चहा. सुरुवातीला रविवारी चार टेबलं भरली की आपण खूश. मग हळूहळू लोक यायला लागले. सोसायटीतल्या शहाबेन कांदा-लसूण नसलेले मागायला लागल्या. तू कच्चं केळं आणि ढोबळी मिरची घालून त्यांच्यासाठी करायचीस आणि वळताना तुझ्या भाषेत पुटपुटायचीस. मी विचारलं, काय म्हणतेस? "प्रार्थना," म्हणालीस. ती प्रार्थना नव्हती, एवढं मलाही कळत होतं.

आणि ते मोमो. कॉलेजची पोरं यायची, "आंटी, मोमो आहेत का?" विचारायची, आणि तू थंडपणे "नाही" म्हणायचीस. मी किती वेळा सांगितलं, अगं, नाव देऊन टाक, लाल चटणी ठेव बाजूला, तुझं काय जातं? त्यावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. शेवटी तू गल्ल्यापाशी बोर्ड लावलास, 'इथे मोमो मिळत नाहीत.' लोक त्या बोर्डासमोर उभे राहून फोटो काढायचे. माझं अजूनही म्हणणं आहे, लान, की मोमो ठेवायला हवे होते. हे भांडण तू अर्धं टाकून गेलीस.

तुझ्या घरची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस. मी आल्यावर सात-आठ वर्षांनी. माझगावात तुम्ही राहायचात, वडील गोदीत सुतार. चीनशी लढाई झाली तेव्हा तू आठ वर्षांची. ज्या शेजाऱ्यांकडे तू जेवायला जायचीस, त्यांनी दार लावून घेतलं. दर आठवड्याला वडील पोलीस ठाण्यात हजेरी लावायला जायचे. आणि संध्याकाळी खिडकीखाली माणसं उभी राहायची. "जाव तुमच्या लोकांत," ओरडायची. तुझा जन्म माझगावचा, तुझ्या वडिलांचा जन्म माझगावचा. जायचं कुठे, ते कुणी सांगत नव्हतं. तेव्हापासून वडिलांनी घरात कायदा केला, उंबऱ्याबाहेर आपली भाषा बोलायची नाही. पुढे तू घरातही बोलणं सोडलंस. केविनला एक शब्द शिकवला नाहीस. मी म्हटलं, मला तरी शिकव. तू म्हणालीस, "काय करणार शिकून? कोणाशी बोलणार?"

म्हणून मला तुझ्या भाषेत जे आलं, ते सगळं टोपलीतलं. हार गाउ म्हणजे कोळंबीचे. स्यु माय म्हणजे वरून उघडे. चा म्हणजे चहा, तो तर आमचाही चाच. असे पंचवीस-तीस शब्द.

ही गोष्ट मला माहीत होती, लान. तू मला सांगितली होतीस. तरी मी ते बोलले.

इमारत पाडून नवी बांधायची ठरली. सहा महिन्यांत गाळा रिकामा करायचा. तुझे गुडघे गेलेले, माझे जायच्या वाटेवर. केविन टोरँटोहून रोज फोन करायचा, "मम्मी, आता इकडे ये." आणि तू सत्तरी ओलांडलेली बाई ऐरोलीत भाड्यानं गाळा बघत फिरत होतीस. मला म्हणालीस, "शालन, चांगला आहे गाळा. खिडकी आहे किचनला." मी दमले होते. घरी सून रोज म्हणत होती, आता बस करा. आणि मला भीती वाटत होती, की तू ऐरोलीला गेलीस तर मला नाही म्हणता येणार नाही. दुपारी पाऱ्या वळता वळता मी बोलून गेले, "पुरे झालं आता. कशाला ओढत बसलीयेस? जा ना तुझ्या माणसांत."

मला केविन म्हणायचं होतं. केविन, त्याची बायको, तुझी नात. एवढंच.

तू तेल लावलेल्या सुऱ्याच्या पात्यानं पिठाची गोळी चेपत होतीस. थांबलीस. "कौन मेरे लोग?" एवढंच विचारलंस. रागावून नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं. मी म्हटलं, "अगं, तसं नाही..." आणि तेवढ्यात कोणीतरी पार्सल मागायला आलं. तू उठून गेलीस. परत आलीस तेव्हा कोळंबी साफ झाली का विचारलंस.

त्यानंतर चार महिने आपण एका टेबलावर काम केलं. हसलो, बोललो, जेवलो. तू ऐरोलीचं नाव काढलं नाहीस आणि मी माझ्या बोलण्याचं. रोज वाटायचं, आज सांगते. पण तूच विसरली असशील तर उगाच कशाला उकरायचं, असं म्हणून मी गप्प बसायचे. तू विसरली नव्हतीस. तू रविवारच्या चहात मला पहिला कप द्यायचीस, तो द्यायची बंद झाली होतीस. आपला आपण ओतून घ्यायला लागलो होतो. एवढाच काय तो फरक.

आणि मग ती सकाळ. गाळा सोडायला नऊ दिवस उरले होते. मी दहा वाजता आले. तू टेबलाशी होतीस. मी म्हटलं, "लवकर आलीस गं." तू तुझ्या भाषेत काहीतरी बोललीस. मला वाटलं, रागात आहेस. रागावलीस की तू त्याच भाषेत पुटपुटायचीस, आणि मी तुला तसंच सोडून द्यायचे, उतरेपर्यंत. तशीच सोडली. मी कोळंबी सोलली, कोबी चिरला. तू बोलत होतीस. मधेच आवाज चढला. मी म्हटलं, "ऐकतेय बाई, ऐकतेय." तू माझ्याकडे बघून काहीतरी विचारलंस, पुन्हा पुन्हा तेच. मी म्हटलं, "आज कोणी गिऱ्हाईकानं त्रास दिला वाटतं." मग तुझ्या उजव्या हातातून सुरा पडला आणि तो उचलायला तुझा हात गेलाच नाही.

चाळीस मिनिटं, लान. मी घड्याळ बघितलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या रक्ताच्या गाठीला पहिला तास फार महत्त्वाचा असतो, आणणाऱ्याला नेहमीच उशीर होतो, मनाला लावून घेऊ नका. चांगले होते ते. पण त्यातली चाळीस मिनिटं तू माझ्यासमोर बसून मला हाक मारत होतीस आणि मी कोबी चिरत होते.

हॉस्पिटलात फॉर्म भरताना विचारलं, पेशंटशी नातं काय? मी 'मैत्रीण' लिहिलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काकू, जवळचं नातेवाईक लागतं." मी केविनचा नंबर दिला. सही त्यानं तिकडून पाठवली. तिचं काही चुकलं नाही. नियमच तसा.

तू शुद्धीवर आलीस तेव्हा मराठी गेली होती, हिंदी गेली होती, इंग्रजी गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, नंतर शिकलेल्या भाषा पुसल्या जातात आणि आईकडून आलेली तेवढी शिल्लक राहते, असं काही वेळा होतं. तू बोलत होतीस. सारखी बोलत होतीस. नर्सशी, माझ्याशी, खिडकीशी. केविन आला, बारा दिवस राहिला. तो एका बाजूला, मी एका बाजूला, मधे तू बोलतेयस आणि आम्हा दोघांना एक अक्षर कळत नाही. एकदा तो वऱ्हांड्यात जाऊन रडला. "मावशी, मी हिचा मुलगा आहे," म्हणाला. त्याला काय सांगणार? फोनमध्ये भाषा बदलून देणारं काहीतरी असतं, ते त्यानं लावून बघितलं. तुझी जीभ जड झालेली. फोननं एकदा 'घोडा' असं लिहून दाखवलं आणि एकदा काहीच नाही.

मी माझे शब्द वापरून बघितले. "हार गाउ," म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस. "स्यु माय," म्हटलं. मला फक्त खायचे शब्द येत होते गं. आजारी माणसाला त्यातून काय विचारणार? कुठे दुखतं ते नाही, घाबरू नकोस ते नाही. तुला नळीनं भरवत होते आणि मी तुझ्याजवळ बसून पदार्थांची नावं घेत होते.

केविन तुला मुलुंडच्याच एका शुश्रूषा केंद्रात ठेवून परत गेला. नोकरी होती, पोर लहान. मी रोज सकाळी जायचे. महिन्याभरानं मला सुचलं की माझगावला जावं. तुमच्या नव्या वर्षाला तू मला एकदा तिथल्या देवळात घेऊन गेली होतीस, वरच्या मजल्यावर, लाल कागद, उदबत्त्या. तिथे विचारत विचारत चानअंकल सापडले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, गोदीतले सुतार. तुझ्या वडिलांना नावानं ओळखत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी काही न विचारता शर्ट बदलला आणि टॅक्सीत बसले.

ती दुपार मी विसरणार नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि तुझ्याशी एक वाक्य बोलले. तुझा चेहरा उजळला, लान. महिन्याभरात तुला कोणी पहिल्यांदा उत्तर दिलं होतं. अर्धा तास तू बोलत होतीस. मधे हसलीस. चानअंकलही हसले. मी दाराशी उभी होते, परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखी. चौतीस वर्षांत एवढी बोलताना मी तुला बघितलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि खरं सांगते, हेवाही वाटला.

ते बाहेर आले. म्हणाले, "आधा समझा. मुझे अपना भाई समझ रही है. कुआँ, खेत, कोई सीढ़ी. उसकी माँ का गाँव होगा. ये तो कभी गयी भी नहीं वहाँ."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, अंकल, माझं एक काम करा. तिला सांगा, शालननं 'तुझ्या माणसांत जा' म्हटलं होतं, ते तिनं दमून म्हटलं होतं. तसं म्हणायचं नव्हतं. तिला माफ कर म्हणावं. सांगताना माझे शब्द अडखळले, त्यांना दोनदा ऐकावं लागलं. ते परत आत गेले. मीही गेले, तुझ्या पायाशी उभी राहिले. ते बराच वेळ बोलले. तू नीट ऐकलंस. मग तू माझ्याकडे बघितलंस, अगदी माझ्याकडे, आणि हळू आवाजात त्यांना काहीतरी सांगितलंस.

मी म्हटलं, सांगा ना, काय म्हणाली?

"बोलती है," ते म्हणाले, "ये औरत अच्छी है. रोज आती है. लेकिन बेचारी गूँगी है. इससे आहिस्ता बात करना."

मुकी. तुला वाटत होतं, मी मुकी आहे. इतके दिवस तू बोलत होतीस, एका बोलता न येणाऱ्या बाईशी, दया येऊन. माझी माफी तुझ्यापर्यंत गेली, पण कोणा शालनची म्हणून गेली. ती मुकी बाईच शालन, हे तुला सांगायची सोय नव्हती. चानअंकलनी प्रयत्न केला. तू 'हो हो' असं केलंस, कोणी लहान मूल काही सांगत असल्यावर करतो तसं.

मी जिन्यात जाऊन बसले. ते शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, मला एक वाक्य शिकवा. म्हणजे निदान ती मला मुकी म्हणणार नाही. कुठलं वाक्य, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'मी इथे आहे.' त्यांनी म्हणून दाखवलं, मी गोळ्यांच्या चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं: न्गो हाय तोउ. चार वेळा म्हटलं. ते जरा घुटमळले, मग म्हणाले, "चलेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हटलं. तू डोळे मोठे केलेस. मग हसलीस. अशी हसलीस, की नर्स बघायला आली. मुकी बाई बोलली म्हणून हसते, असं मला वाटलं. त्यानंतर रोज. मी यायचे, पिशवी ठेवायचे, वाक्य म्हणायचे, आणि तू पोट हलेपर्यंत हसायचीस. डावा हात माझ्या गालावर मारायचीस. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांसाठी मी कोणाचे आभार मानू, मला कळत नाही.

मग छातीत कफ भरला. दोन दिवस तू हसली नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. तुला काही खाता येत नव्हतं, तरी मी तिथल्या मुलींसाठी न्यायचे. फोन वाजला. केविन होता. "मावशी, मम्मी गेली," म्हणाला. तू माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर गेलीस, लान, आणि मला कळलं कॅनडातून. त्यांच्या कागदावर त्याचा नंबर होता. ते त्यालाच कळवणार. मी पोचले तेव्हा तुझ्या तोंडावर चादर होती आणि कोणीतरी विचारलं, "आपण कोण?"

हॉटेलचा गाळा केव्हाच गेला. शेवटचा दिवस असा झालाच नाही. तू हॉस्पिटलात असतानाच बिल्डरची माणसं येऊन बोर्ड उतरवून गेली. टोपल्या मी घरी आणल्यात. सून विचारते, यांचं काय करायचं? मला माहीत नाही.

केविन आल्यावर तिसऱ्या दिवशी तुला पुरलं. आम्ही सहाजण होतो. फाटकाशी चानअंकलनी मला बाजूला घेतलं. खाली बघत म्हणाले, "बहन, एक बात उस दिन बोलने में शरम आयी. वो जो वाक्य सिखाया, आप बीच का शब्द गलत सुर में बोलती थीं. हमारी भाषा में सुर बदला तो मतलब बदलता है. वो गाली हो जाती है. बहुत गंदी गाली."

म्हणजे तीन आठवडे, रोज सकाळी, तुझ्या कानाशी वाकून.

त्यांनी मला तिथेच बरोबर सूर शिकवला. शब्द खालून वर उचलायचा. दोन-तीनदा म्हणून घेतला. आला मला. या वेळी खरंच आला.

माती टाकून झाली. केविननं फुलं ठेवली. माझी पाळी आली तेव्हा मी खाली बसले. बरोबर वाक्य तू माझ्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. ते ऐकून तुला कळलं नसतं, कोण आलंय. मी जसं रोज म्हणायचे तसंच म्हटलं, मोठ्यानं, त्याच सुरात. चानअंकलनी मान खाली घातली.

"काय म्हणालीस मावशी?" केविननं विचारलं.

मी म्हटलं, "मी इथे आहे, एवढंच."